पीव्ही ६५०५ : आजच्या हेवी वादनासाठी हाय-गेन अॅम्प्लिफायर निवडताना

खाली उतरवलेल्या ट्यूनिंगमध्ये किंवा सात तारांच्या गिटारवर वाजवणारा वादक अॅम्प्लिफायर घ्यायला निघाला की त्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘गेन किती आहे’, म्हणजे सिग्नल वाढवून आवाज किती फाडता येतो, हाच असतो. खरे तर गेल्या तीस वर्षांत हाय-गेन म्हणून विकल्या गेलेल्या बहुतेक अॅम्पमध्ये गेन गरजेपेक्षा जास्तच असतो. पाहायचे असते ते एवढे, की तेवढा गेन लावल्यावर खर्जाचे काय होते. पाम म्यूट केलेली, म्हणजे तळहाताच्या कडेने दाबून धरलेली, सर्वात खालची तार वाजली आणि जिथल्या तिथे थांबली, दोन ठोक्यांमधली शांतता स्वच्छ राहिली आणि तरीही आवाजातले वजन गेले नाही, तर तो अॅम्प या संगीताच्या कामाचा आहे. पखवाजाची बंद थाप जशी पडते तिथेच संपते, पण तिचा दाब खोलीभर जाणवतो, तसा हा आवाज हवा. पीव्ही ६५०५ हे हेड, म्हणजे स्पीकरशिवायचा अॅम्प, मी याच कसोटीवर तपासले आहे. तालमीच्या खोलीत, ड्रमच्या शेजारी, चार स्पीकरांच्या कॅबिनेटवर ते बराच काळ वाजवल्यानंतर ही मते बनली आहेत.

या अॅम्पची वंशावळ थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण जुन्या बाजारात तो दोन नावांनी मिळतो. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या मेरिडियन येथील पीव्ही कंपनीने १९९२ मध्ये गिटारवादक एडी व्हॅन हेलन यांच्यासाठी ५१५० हा अॅम्प बाजारात आणला. त्याची रचना कंपनीतील अभियंता जेम्स ब्राऊन यांची होती. २००४ मध्ये एडी आणि पीव्ही वेगळे झाले, तेव्हा ५१५० हे नाव एडींसोबत गेले आणि अॅम्प कंपनीकडे राहिला. कंपनीची स्थापना १९६५ ची, त्यामुळे चाळिसाव्या वर्षाच्या निमित्ताने त्याच अॅम्पला ६५०५ असे नाव मिळाले, आणि ५१५० ची दुसरी आवृत्ती ६५०५ प्लस झाली. आतले सर्किट मुळात तेच असल्यामुळे केवळ जुन्या नावाच्या पाटीसाठी जास्त पैसे मोजण्यात काही अर्थ नाही. हार्ड रॉक वाजवणाऱ्या वादकासाठी बनलेला हा अॅम्प नव्वदच्या दशकात मेटल बँडनी उचलला आणि पुढे मेटलकोअर व मेलोडिक डेथ मेटलमध्ये तो जवळजवळ गृहीतच धरला गेला.

६५०५ च्या प्रीअॅम्पमध्ये (सुरुवातीच्या, गेन देणाऱ्या विभागात) पाच १२एएक्स७ आणि स्पीकरला ताकद देणाऱ्या पॉवर विभागात चार ६एल६ व्हॉल्व्ह (निर्वात नळ्या) आहेत, आणि ताकद १२० वॉट. रिदम आणि लीड असे दोन चॅनेल, प्रत्येकाला स्वतंत्र प्री-गेन (गेनची मात्रा) आणि पोस्ट-गेन (चॅनेलचा आवाज), पण लो, मिड आणि हाय ही टोनची तीन बटणे दोघांत मिळून एकच. शिवाय रेझोनन्स आणि प्रेझेन्स ही पॉवर विभागाची दोन बटणे. दर्शनी पट्टीवर यापलीकडे फारसे काही नाही, आणि अॅम्प पहिल्यांदाच हाताळणाऱ्यालाही काही मिनिटांत उपयोगी आवाज सापडतो, हा मला त्याचा मोठा गुण वाटतो.

लीड चॅनेलमध्ये व्हॉल्व्हचे टप्पे एकामागून एक जोडलेले आहेत, आणि त्यांपैकी एक टप्पा मुद्दाम ‘थंड’ ठेवलेला आहे. नेहमीच्या टप्प्यात कॅथोडला (व्हॉल्व्हच्या एका टोकाला) दीड-दोन किलोओहमच्या आसपासचा रेझिस्टर असतो. इथे तो ३९ किलोओहमचा आहे. त्यामुळे तो व्हॉल्व्ह जवळजवळ बंद अवस्थेतच बसलेला असतो आणि येणाऱ्या लहरीची एक बाजू फार लवकर छाटतो. प्लेक्ट्रम (तार छेडण्याची पट्टी) तारेवर आदळल्याचा जो खरखरीत, दाणेदार ठसा या अॅम्पमध्ये ऐकू येतो, त्यात या छाटणीचा वाटा मोठा आहे. ही कल्पना मार्शलच्या २२०३ या अॅम्पमध्ये १० किलोओहमच्या सौम्य रूपात होती. अॅम्प बनवणारे माइक सोल्डानो यांनी १९८७ च्या एसएलओ-१०० मध्ये ती ३९ किलोओहमपर्यंत नेली, आणि तिथून ती ५१५० मध्येही आली आणि मेसा बूगीच्या रेक्टिफायरमध्येही. म्हणजे ज्या दोन अॅम्पच्या चाहत्यांमध्ये इतकी वर्षे वाद चालले आहेत, ते दोन्ही एकाच घराण्यातले आहेत.

आता खर्जाकडे वळतो, कारण निवड चुकते ती इथेच. साध्या ट्यूनिंगमध्ये गिटारची सर्वात खालची तार सुमारे ८२ हर्ट्झवर असते. सात तारांच्या गिटारची सर्वात खालची बी तार ६२ हर्ट्झच्या आसपास, आणि तीच तार ए स्वरापर्यंत उतरवली (ड्रॉप ए) की ५५ हर्ट्झ. एवढा खोल स्वर पूर्ण ताकदीने व्हॉल्व्हच्या टप्प्यांत शिरला, की तो सर्वात आधी छाटला जातो आणि वरच्या स्वरांनाही आपल्याबरोबर खेचतो. मग पाम म्यूटऐवजी एक गढूळ फुगवटा ऐकू येतो. अशा वेळी हात आपोआप अॅम्पच्या बेसच्या बटणाकडे जातो, आणि ते कमी केले तरी गढूळपणा तसाच राहतो, फक्त आवाज बारीक होतो. कारण असे, की ६५०५, एसएलओ, रेक्टिफायर आणि मार्शलचे बहुतेक अॅम्प यांमध्ये टोनची बटणे प्रीअॅम्पच्या छाटणीनंतर येतात. स्वर आधीच बिघडलेला असतो. बटण त्या बिघडलेल्या स्वराचे फक्त प्रमाण बदलते.

मेसा बूगीच्या मार्क मालिकेत हा क्रम उलटा आहे. तिथे टोनची बटणे मुख्य गेनच्या आधी येतात आणि छाटणीनंतर ८०, २४०, ७५०, २२०० आणि ६६०० हर्ट्झ असा पाच पट्ट्यांचा ग्राफिक इक्वलायझर येतो. म्हणून मार्क वापरणारे जाणकार बेसचे बटण जवळजवळ शून्यावर ठेवतात आणि कमी झालेले वजन ८० हर्ट्झची पट्टी वर सरकवून परत मिळवतात. छाटणीआधी खर्ज कमी करायचा आणि छाटणीनंतर हवा तेवढा परत भरायचा, हे आधुनिक हेवी आवाजाचे सूत्र आहे, आणि कोणताही अॅम्प पाहताना हे दोन्ही करण्याची सोय त्यात आहे का, हे आधी विचारावे.

६५०५ मध्ये यातली दुसरी सोय उत्तम आहे आणि पहिली बाहेरून करून घ्यावी लागते. त्यासाठीचा उपाय सर्वश्रुत आहे: गिटार आणि अॅम्प यांच्यामध्ये आयबानेझ ट्यूब स्क्रीमर किंवा त्याच पद्धतीचे पेडल, ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल पूर्ण आणि टोन मधोमध. या पेडलचे सर्किट सुमारे ७२० हर्ट्झच्या खालच्या भागाला वरच्या भागाइतकी वाढ देत नाही, त्यामुळे ड्राइव्ह शून्यावर असतानाही खर्ज तुलनेने मागे राहतो आणि मध्यम स्वर पुढे सरकून व्हॉल्व्हवर आदळतात. पेडल चालू करताच ६५०५ चा लीड चॅनेल बदलतो. खालच्या तारेवरचे सलग सोळा ठोके आधी एकमेकांत मिसळत होते, ते आता एकेक मोजता येतात. प्री-गेन मी पेडलशिवाय सहाच्या आसपास ठेवत असे, पेडलसह तो साडेतीन-चारवर आणला तरी काहीच कमी पडत नाही. गेन कमी केल्यावर आवाज जास्त जड वाटतो, हे नव्या वादकांना पटायला वेळ लागतो. शेजारी ड्रम आणि बेस गिटार वाजत असताना ऐकले की पटते.

छाटणीनंतर वजन परत भरण्याचे काम रेझोनन्सचे बटण करते. पॉवर विभागातला निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा काही भाग उलटा परत देऊन आवाजाला घातलेला लगाम) खालच्या स्वरांपुरता कमी करून ते स्पीकरला त्याच्या स्वतःच्या अनुनादाजवळ थोडे मोकळे सोडते. पाचच्या आसपास ठेवल्यावर पाम म्यूटला छातीत जाणवणारा धक्का मिळतो, आणि तो प्रीअॅम्पमध्ये शिरलेला नसल्यामुळे स्वच्छ असतो. सातच्या पुढे गेल्यावर मात्र बेस गिटारच्या जागेवर अतिक्रमण होते; एकट्याने वाजवताना ते सुखावते, बँडमध्ये नको वाटते. मिडच्या बाबतीतही माझे मत ठाम आहे. तो शून्यावर नेऊन आवाज पोकळ करण्याची जुनी सवय सोडावी. चार-साडेचारच्या खाली गेल्यास गिटार झांजांच्या आवाजात हरवते.

त्रुटीही स्पष्ट सांगायला हव्यात. या अॅम्पचा क्लीन आवाज कामचलाऊ आहे. रिदम चॅनेलचा गेन कमी करून आणि क्रंचचा स्विच बंद ठेवून जो स्वच्छ आवाज मिळतो तो सपाट आणि कोरडा असतो, आणि टोनची बटणे सामायिक असल्यामुळे लीडसाठी जुळवलेली मांडणी क्लीनसाठी बहुतेक वेळा बसत नाही. ज्यांच्या गाण्यांत हळुवार, मोकळे भाग बरेच आहेत त्यांनी दोन्ही चॅनेलना स्वतंत्र टोन देणारा ६५०५ प्लस पाहावा. पोस्ट-गेनचे बटणही हाताळायला अवघड आहे: एक ते दोनच्या दरम्यान आवाज एकदम उसळतो, आणि लहान खोलीत नेमकी पातळी मिळवण्यासाठी बटण केसभर फिरवत बसावे लागते. गेनच्या मानाने सळसळाट मोठा आहे, त्यामुळे नॉइज गेट (वादन थांबताच गोंगाट बंद करणारे पेडल) ऐच्छिक राहत नाही. बॉस एनएस-२ सारखा सेंड-रिटर्न असलेला गेट चार केबलांच्या पद्धतीने जोडला, म्हणजे गेट गिटारचा मूळ सिग्नल ऐकून उघडतो आणि प्रीअॅम्पनंतरचा गोंगाट बंद करतो, तेव्हा थांबे खऱ्या अर्थाने शांत होतात.

पॉवर व्हॉल्व्हचा बायस (व्हॉल्व्हमधून वाहणारा स्थिर प्रवाह ठरवणारी जुळणी) कारखान्यातच स्थिर केलेला आणि बराच थंड असतो, आणि तो बदलण्याची सोय बाहेर दिलेली नाही. व्हॉल्व्ह बदलताना जुळवलेला संच आणला की काम भागते, ही सोय. काहींना त्यामुळे आवाज कडक वाटतो, ही अडचण. चांगला तंत्रज्ञ आत एक पोटेन्शिओमीटर बसवून बायस थोडा गरम करून देऊ शकतो. जलद, तुटक रिफ (सतत परतणारा स्वरांचा तुकडा) वाजवणाऱ्याला मी हा बदल करण्याची घाई करू नका असेच सांगेन, कारण तो कडकपणा तिथे उपयोगाचा आहे.

पर्यायांमध्ये पहिला मान मेसा बूगी ड्युअल रेक्टिफायरचा. त्याच्या मॉडर्न मोडमध्ये पॉवर विभागातला निगेटिव्ह फीडबॅक काढून टाकलेला असतो, म्हणून त्याचा खर्ज प्रचंड रुंद आणि सैल असतो. संथ, भिंतीसारख्या कॉर्डसाठी त्याच्याइतका भव्य अॅम्प दुसरा नाही. पण वेगवान, तुटक रिफसाठी तो ६५०५ पेक्षा जास्त शिस्त मागतो; पुढे ट्यूब स्क्रीमर, बेस अगदी कमी आणि ट्यूब रेक्टिफायरऐवजी सिलिकॉन डायोडची निवड केली, तरच घट्टपणा येतो. एडी व्हॅन हेलन यांनी फेंडरच्या सोबतीने २००७ मध्ये आणलेला ईव्हीएच ५१५० III हा ६५०५ चा अधिक सुसंस्कृत भाऊ म्हणता येईल. त्याला तीन चॅनेल आहेत, क्लीन खरोखर चांगला आहे, आणि लाल चॅनेलचा गेन अधिक गुळगुळीत व दाबलेला आहे. रिदमसाठी मला त्याचा मधला, निळा चॅनेल लाल चॅनेलपेक्षा बरा वाटतो, कारण त्यात प्लेक्ट्रमची धार जास्त शिल्लक राहते. त्याच मालिकेतले ५० वॉटचे हेड वजनाने आणि किमतीने आटोक्यातले आहे, आणि ज्याला एकाच अॅम्पमध्ये सर्व काही हवे आहे त्याला मी ६५०५ च्या आधी तेच सुचवेन. जर्मनीचे एंगल आणि डीझेल हे अॅम्प त्याहून काटेकोर आहेत, पण त्यांची किंमत आणि आपल्याकडची दुर्मिळता पाहता त्यांचा विचार बहुतेकांनी दुसऱ्या-तिसऱ्या खरेदीत करावा.

वॉटच्या आकड्याला मात्र नको तेवढे महत्त्व दिले जाते. १०० आणि ५० वॉटमध्ये फरक फक्त तीन डेसिबलचा असतो, आणि कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दहापट ताकद लागते. मोठ्या अॅम्पचा खरा फायदा खर्जाला मिळणाऱ्या मोकळ्या जागेत आहे, कारण खोल स्वर सर्वात जास्त ताकद खातो. आधुनिक हेवी आवाजात छाटणी प्रीअॅम्पमध्येच व्हावी आणि पॉवर विभागाने तिला जसेच्या तसे मोठे करावे, असे अपेक्षित असते. पण घरात वाजवायचे असेल तर १२० वॉट हा निव्वळ बोजा आहे. पीव्हीचेच २० वॉटचे ६५०५ एमएच किंवा ईव्हीएचचे १५ वॉटचे एलबीएक्स ही ईएल८४ व्हॉल्व्हची छोटी हेड त्या घराण्याचा आवाज बऱ्याच अंशी देतात, फक्त खालच्या टोकाला ती लवकर थकतात.

स्पीकरकडे दुर्लक्ष करून हेडवर सगळे पैसे ओतणारे वादक मी पाहतो तेव्हा मनापासून वाईट वाटते. व्हॉल्व्हमधून निघणारे डिस्टॉर्शन स्वतः कर्कश आणि झिणझिण्या आणणारे असते. गिटारचा स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या पुढचा भाग झपाट्याने कमी करतो, म्हणूनच ते ऐकवते. सेलेस्टियनचा व्हिंटेज ३० हा ६० वॉटचा स्पीकर या संगीतात सर्वाधिक रेकॉर्ड झाला असेल. त्याचा दोन ते तीन हजार हर्ट्झमधला उठाव ६५०५ च्या खरखरीत मध्यस्वरांना बँडच्या आवाजातून बाहेर काढतो, पण तोच उठाव प्रेझेन्स जास्त ठेवल्यास कानाला टोचतो, म्हणून तो पाचच्या वर नेताना सावध राहावे. कॅबिनेट मागून बंद आणि जाड प्लायवूडचे असावे. स्वस्त, पातळ पेटीत बसवलेल्या चार स्पीकरांपेक्षा चांगल्या बंद पेटीतले दोन स्पीकर ड्रॉप एमध्ये कितीतरी नेटके वाजतात.

डिजिटल मॉडेलरचा (अॅम्पच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या उपकरणांचा) उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. फ्रॅक्टल, केम्पर, क्वाड कॉर्टेक्स, आणि संगणकावर विनामूल्य चालणारे न्यूरल अॅम्प मॉडेलर यांत ६५०५ ची मॉडेल किंवा कॅप्चर (खऱ्या अॅम्पच्या आवाजावरून घेतलेल्या प्रतिकृती) मिळतात, आणि रेकॉर्डिंगमध्ये त्यांतली चांगली नक्कल ओळखणे मला तरी अवघड जाते. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आणि लोकलने किंवा रिक्षाने तालमीला जाणाऱ्या वादकासाठी तोच व्यवहार्य मार्ग आहे. वीस किलोंहून जड हेड आणि चाळीस किलोंच्या आसपासचे कॅबिनेट तिसऱ्या मजल्यावर चढवणे ही रोजची गोष्ट होऊ शकत नाही. तरीही तालमीच्या खोलीत ड्रमसमोर उभे राहिल्यावर व्हॉल्व्ह आणि चार स्पीकर हवा ज्या प्रकारे ढकलतात, ते लहान मॉनिटरमधून मिळत नाही, आणि हाताची पकड त्या धक्क्यावर अवलंबून असते. ज्याच्या बँडला स्वतःची कायमची जागा आहे, त्याने अॅम्पच घ्यावा, असे माझे मत आहे.

परदेशातून नातेवाइकांकरवी किंवा वापरलेला अॅम्प मागवताना मागची पाटी वाचून घ्यावी. अमेरिकेतला अॅम्प १२० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये थेट लावल्यास काही क्षणांत फ्यूज जातो, आणि नशीब वाईट असेल तर ट्रान्सफॉर्मरही. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर वापरायचा झाल्यास तो किमान ५०० व्हीएचा, आणि जमल्यास त्याहून मोठा असावा. शिवाय ६० हर्ट्झसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर थोडा जास्त तापतो, म्हणून लांबलेल्या तालमीत हेडच्या मागची आणि वरची हवेची वाट मोकळी ठेवावी. जिथे विजेचा दाब वर-खाली होतो तिथे स्टॅबिलायझर हवाच. कोकणपट्टीतल्या आणि मुंबईतल्या पावसाळी हवेत व्हॉल्व्हच्या सॉकेटवर आणि इफेक्ट्स लूपच्या (सेंड-रिटर्नच्या) जॅकवर काट चढते. आवाज मध्येच बसतो किंवा खरखरतो, आणि दोष व्हॉल्व्हला दिला जातो. पावसाळा संपला की कॉन्टॅक्ट क्लीनरने ते एकदा पुसून घेतले तर अनेक खर्च वाचतात.

वापरलेले हेड पाहायला जाताना स्वतःची गिटार, स्वतःचा स्क्रीमर आणि एक जास्तीची पॅच केबल घेऊन जावे. कॅबिनेट जोडल्याशिवाय अॅम्प कधीही चालू करू देऊ नये, कारण भार नसताना आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. मागचा ओहमचा स्विच कॅबिनेटच्या आकड्याशी जुळतो आहे, हेही आधी पाहावे. स्टँडबाय उघडल्यावर पॉवर व्हॉल्व्हच्या पत्र्यावर लालसर तेज दिसले तर तिथेच बंद करायला सांगावे. मग लीड चॅनेलवर गेन सहा ठेवून प्रत्येक प्रीअॅम्प व्हॉल्व्हवर पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलकेच टकटक करावी. थोडा टिकटिक आवाज सर्वांतून येतो, पण एखादा शिट्टी मारू लागला तर तो बदलावा लागणार हे धरून भाव करावा. सेंड आणि रिटर्नमध्ये पॅच केबल लावून लूप चालू केल्यावर आवाज उसळला किंवा बसला, तर जॅक साफ करावे लागतील. हे सगळे झाल्यावर सर्वात खालची तार ड्रॉप करून, गेन चारवर आणून, एकच रिफ सावकाश आणि मग पूर्ण वेगाने वाजवावा. वेग वाढल्यावरही थांबे तितकेच कोरे ऐकू आले, तर पुढची बोलणी किमतीची.